शपथेतील ईश्वर आणि नास्तिकाची साक्ष

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न मानवी बुद्धीने स्वतःला घातलेल्या अत्यंत जुन्या प्रश्नांपैकी एक असून त्याचा निर्णय बहुमताने, राजाज्ञेने किंवा वादसभेतील वक्तृत्वाने लागणारा नाही, हे विचारी आस्तिक आणि विचारी नास्तिक दोघांनाही मान्य असते. परंतु या प्रश्नाच्या शेजारी दुसरा एक प्रश्न उभा असतो, जो व्याप्तीने लहान असला तरी माणसाच्या रोजच्या व्यवहाराशी, त्याच्या नोकरीशी, लग्नाशी आणि न्यायालयातील जबानीशी अधिक घट्ट निगडित असतो. तो असा की, जो ईश्वर मानीत नाही त्याच्या शब्दावर समाजाने विश्वास का ठेवावा? पहिल्या प्रश्नावर लाखो पृष्ठे लिहिली गेली, आणि त्यांतील बरीचशी लिहिणाऱ्यांचे फारसे नुकसान न होता लिहिली गेली. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र माणसे तुरुंगात गेली, त्यांच्या उपजीविका गेल्या, आणि मतदारांनी एकदा नव्हे अनेकदा निवडून दिलेल्या प्रतिनिधीला कायदेमंडळाच्या दारातून पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले. नास्तिकाच्या नागरी हक्कांचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि म्हणून त्याच्याचविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

धार्मिक सहिष्णुतेचा पाया युरोपात ज्यांनी घातला त्यांत जॉन लॉक यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेवरील आपल्या पत्रात त्यांनी राजसत्तेला प्रजेच्या आत्मोद्धाराचा अधिकार नाही असे निक्षून सांगितले. पण त्याच पत्रात, ईश्वराचे अस्तित्व नाकारणाऱ्यांना मात्र ही सहिष्णुता लागू करता येणार नाही, कारण वचन, करार आणि शपथ ही समाजाला एकत्र बांधणारी बंधने नास्तिकावर चालत नाहीत, असेही त्यांनी लिहून ठेवले. लॉक यांच्यासारख्या उदार बुद्धीच्या पुरुषाने हा अपवाद करावा, हे पुढील दोन शतकांच्या दृष्टीने फार महाग पडले. कारण एरवी त्यांच्या तत्त्वज्ञानाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या न्यायाधीशांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी हा एक अपवाद तेवढा उचलला. त्यांच्या थोडेसे आधी पिएर बेल या फ्रेंच विद्वानाने, नुसत्या नास्तिकांचा समाजही नीतीने चालू शकेल, कारण माणसे आपल्या श्रद्धेप्रमाणे वागत नसून आपल्या स्वभावाप्रमाणे, सवयीप्रमाणे आणि लोकलज्जेप्रमाणे वागतात, असे प्रतिपादन केले होते. बेल यांचे म्हणणे अनुभवावर आधारलेले होते आणि लॉक यांचे भीतीवर; तरीही राज्यकर्त्यांना भीतीच अधिक सोयीची वाटली.

आपल्याकडील दर्शनांचा ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना लॉक यांचा हा युक्तिवाद विलक्षण वाटल्यावाचून राहणार नाही. कर्माच्या बाबतीत मीमांसकांइतका काटेकोर संप्रदाय या भूमीत दुसरा झाला नाही; यज्ञातील एका आहुतीचा क्रम चुकू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बुद्धी झिजविणारी ती माणसे होती. आणि याच मीमांसकांचे अग्रणी कुमारिल भट्ट यांनी सृष्टिकर्त्या सर्वज्ञ ईश्वराची कल्पना युक्तिवादाने खोडून काढली. कर्तव्य हे कर्तव्य म्हणून बंधनकारक आहे, त्याच्या पाठीशी शिक्षा देणारा कोणी स्वर्गस्थ अधिकारी असलाच पाहिजे असे नाही, ही भूमिका त्यांनी वेदांवरील अढळ निष्ठेसह पत्करली. सांख्यांच्या प्राचीन कारिकांत जगाची उपपत्ती लावताना ईश्वराची गरज भासलेली नाही. जैनांनी जगाचा कर्ता मानला नाही, आणि सत्यवचनाच्या व त्यागाच्या बाबतीत त्यांच्या मुनींची बरोबरी करणारे लोक जगात थोडेच सापडतील. ईश्वर नसेल तर नीती उरत नाही, या विधानाचे खंडन लॉक यांच्या जन्माच्या हजार-हजार वर्षे आधी येथे झालेले होते. आणि तेही ग्रंथांपेक्षा जीवनात अधिक झालेले होते.

याचा अर्थ आपला समाज नास्तिकांशी न्यायाने वागला असा मात्र नाही. मनुस्मृतीने तर्काच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे असे सांगितले. आणि येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, तो बहिष्कार ईश्वर नाकारण्याबद्दल नसून ग्रंथाचे, आणि ग्रंथ सांगणाऱ्या वर्गाचे, प्रामाण्य नाकारण्याबद्दल होता. कुमारिल ईश्वर नाकारूनही शिष्ट राहिले. चार्वाक मात्र परलोक आणि श्राद्ध नाकारून, म्हणजे पुरोहिताच्या उपजीविकेला हात घालून, असा काही बहिष्कृत झाला की त्याचे मत आज आपल्याला प्रायः त्याच्या शत्रूंच्या लेखणीतूनच कळते. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकमत पहिले मांडले आहे ते खंडनाची पहिली पायरी म्हणून. लोकायताच्या परिसरातील जो एक सलग ग्रंथ आपल्या हाती आला आहे, तो जयराशी भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह, १९४० मध्ये बडोद्याच्या ग्रंथमालेतून प्रकाशित होईपर्यंत विद्वानांनाही दुर्मीळ होता. आणि त्यात खाण्यापिण्याच्या व कर्ज काढण्याच्या उपदेशाऐवजी ज्ञानाच्या सर्व प्रमाणांची अत्यंत कठोर चिकित्सा आहे. नास्तिकाला दुराचारी ठरविण्याची घाई पूर्वेला आणि पश्चिमेला सारखीच झाली, आणि दोन्हीकडे ती करणाऱ्यांचा हितसंबंध डोळ्यांसमोर होता.

आता शपथेकडे येऊ. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयापुढे १७४४ च्या सुमारास एक दावा चालला, ज्यात कलकत्त्याच्या एका हिंदू व्यापाऱ्याने, दप्तरात त्याचे नाव ओमीचंद असे आहे, बार्कर नावाच्या इंग्रजाकडे आपले पैसे मागितले होते. व्यापाऱ्याच्या बाजूने हिंदू साक्षीदारांच्या जबान्या कलकत्त्याला झाल्या होत्या आणि त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. बायबलावर हात न ठेवणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरावी की नाही, हा तेथे मुद्दा झाला; आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली, कारण साक्षीदार कोणत्या का होईना ईश्वराला मानतो आणि खोटे बोलल्यास तो ईश्वर आपल्याला शासन करील अशी त्याला धास्ती आहे, एवढे पुरे आहे, असे ठरले. हा निर्णय परधर्मीयांना न्यायाचे दार उघडणारा म्हणून उदार होता आणि त्याचे श्रेय त्या न्यायाधीशांना दिलेच पाहिजे. पण त्याच निर्णयाने नास्तिकाच्या तोंडावर ते दार लावून घेतले. कारण ज्याला कोणत्याच ईश्वराची धास्ती नाही त्याची साक्ष घेता येणार नाही, हे त्यातून आपोआप निष्पन्न झाले. याचा व्यावहारिक परिणाम पाहावा: नास्तिकाच्या घरी चोरी झाली तर चोराविरुद्ध त्याची जबानी चालत नसे, त्याचे देणे कोणी बुडविले तर ते सिद्ध करण्यास तो स्वतः उभा राहू शकत नसे. आणि जो नास्तिक खोटे बोलण्यास तयार असे, म्हणजे मनात विश्वास नसता बायबल चुंबून मोकळा होई, त्याची साक्ष मात्र बिनदिक्कत चाले. खोट्या माणसाला आत घेणारी आणि खऱ्या माणसाला बाहेर ठेवणारी ही परीक्षा सत्यशोधनासाठी म्हणून चालविली जात होती. इंग्लंडमध्ये तिच्यात कायद्याने दुरुस्ती झाली ती १८६९ साली.

आणि तरीही पार्लमेंटातील शपथ शिल्लक होती. तिच्याच संदर्भात चार्लस ब्रॅडलॉ यांचे प्रकरण घडले, ज्याची हकिगत मराठी वाचकाला सविस्तर ठाऊक असावी असे मला वाटते, कारण या गृहस्थाचे आपल्या देशावर ऋण आहे.

ब्रॅडलॉ हे लंडनच्या एका गरीब वस्तीत १८३३ साली जन्मलेले, अल्पवयातच धर्मशंकांमुळे घर सोडावे लागलेले, स्वकष्टाने कायदा शिकलेले आणि प्रचंड आवाजाचे वक्ते होते. १८६६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय धर्मनिरपेक्षता-मंडळाची स्थापना केली, आणि १८७७ मध्ये ॲनी बेझंट यांच्यासह संततिनियमनावरील एक पुस्तिका पुनर्मुद्रित केल्याबद्दल अश्लीलतेच्या खटल्याला तोंड दिले. (हेच कार्य मुंबईत हाती घेतल्यापायी र. धों. कर्वे यांना पुढे प्राध्यापकी सोडावी लागली, आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. नास्तिकांच्या नागरी इतिहासात देश बदलले तरी आरोप बदलत नाहीत.) १८८० च्या निवडणुकीत नॉर्थॅम्प्टन या जोडे बनविणाऱ्या कारागिरांच्या गावाने ब्रॅडलॉ यांना आपला प्रतिनिधी निवडले. त्यांनी सभागृहात जाऊन, शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याची मुभा मागितली, जी क्वेकरपंथीयांना १८३३ पासून मिळत होती. ती नाकारण्यात आली. मग त्यांनी, ठीक आहे, शपथ घेतो, असे म्हटले, तर नास्तिकाची शपथ ही शपथेची विटंबना होय असे म्हणून तीही नाकारण्यात आली. त्यांनी जाण्यास नकार दिला तेव्हा २३ जून १८८० रोजी त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यातील कोठडीत ठेवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सोडून देण्यात आले. जुलैमध्ये त्यांना प्रतिज्ञेवर बसू दिले, पण लगेच एकाने फिर्याद लावली की प्रत्येक बेकायदा मतदानाबद्दल यांच्याकडून पाचशे पौंड वसूल व्हावेत. त्या दाव्यात प्रतिज्ञा अवैध ठरली आणि जागा रिकामी झाली. नॉर्थॅम्प्टनने त्यांना पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते आत शिरू लागले तेव्हा पोलिसांनी आणि शिपायांनी त्यांना इतक्या बळाने खाली ओढून काढले की त्यांचा कोट फाटला. बाहेर त्यांचे हजारो अनुयायी जमले होते, आणि ब्रॅडलॉ यांच्या एका शब्दाने तेथे दंगल होऊ शकली असती, पण त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत त्यांनी खिशातून नवा करार काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली. सभागृहाने त्यांना बडतर्फ केले. मार्चमध्ये नॉर्थॅम्प्टनने पुन्हा त्यांनाच पाठविले.

या प्रकरणात ब्रॅडलॉ यांची एक गोष्ट मला दुबळी वाटते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. शपथेतील ईश्वराचा उल्लेख माझ्या लेखी निरर्थक असला तरी वचन म्हणून तिचे बंधन माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर राहील, असे सांगून त्यांनी शपथ घेण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्यांनी आपल्या मतदारांचा विचार केला हे खरे. परंतु ज्या तत्त्वासाठी ते लढत होते त्याची धार त्या तयारीने कमी झाली. त्यांच्या आधीचे इंग्रज नास्तिक जॉर्ज होलिओक यांनी १८४२ मध्ये धर्मनिंदेबद्दल सहा महिने कारावास भोगला, त्या काळात त्यांचे लहान मूल मरण पावले, तरी त्यांनी अशी सवलत शोधली नव्हती. तथापि परीक्षा घेणारी सत्ताच जेव्हा दोन्ही उत्तरांना चूक ठरविते, तेव्हा उत्तर देणाऱ्याचा दोष मोजताना हात आखडता घ्यावा लागतो.

१८८३ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने प्रतिज्ञेची मुभा सर्वांना देणारे विधेयक आणले. ग्लॅडस्टन हे स्वतः नितांत श्रद्धाळू ख्रिस्ती होते, ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मनापासून अप्रिय होती, आणि म्हणूनच २६ एप्रिलला त्यांनी केलेले भाषण हे नास्तिकाच्या हक्काच्या समर्थनाचे, माझ्या मते, सर्वांत भारदस्त भाषण आहे. त्यांनी विरोधकांना विचारले ते असे की, ज्यू सभासदाला बसू देण्यासाठी तुम्ही शपथेतून ख्रिस्त वगळला; आता जो उरला आहे तो नुसता नामधारी देव; त्याच्याकडे कोणताही संदेश नाही, त्याचे माणसाशी काही देणेघेणे आहे की नाही हेही तुम्ही विचारीत नाही; मग अशा पोकळ शब्दाच्या रक्षणाला तुम्ही धर्मरक्षण कसे म्हणता? माणसांच्या दुःखापासून दूर राहणाऱ्या देवांचे वर्णन करणारे ल्युक्रेशियसचे लॅटिन काव्य त्यांनी सभागृहाला ऐकविले. ३ मे रोजी मतदान झाले, आणि विधेयक २८९ विरुद्ध २९२ असे, म्हणजे अवघ्या तीन मतांनी, पडले. अखेर १८८६ च्या जानेवारीत नवे सभापती पील यांनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता ब्रॅडलॉ यांना शपथ घेऊ दिली. आणि १८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नाने शपथेचा नवा कायदा होऊन प्रतिज्ञेचा हक्क सर्वांचा झाला. १८९१ च्या जानेवारीत ते मृत्युशय्येवर असताना सभागृहाने त्यांना शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणारा १८८० चा मूळ ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकला. तो खोडला गेल्याची वार्ता समजण्याच्या अवस्थेत ते राहिलेले नव्हते.

ज्या वर्षी शपथेचा तो नवा कायदा झाला त्याच वर्षी पुण्यात आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला, आणि आपल्या मतांपायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. पुढच्याच वर्षी, १८८९ च्या डिसेंबरात, ब्रॅडलॉ स्वतः मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. हिंदुस्थानचे प्रश्न ते पार्लमेंटात इतक्या चिकाटीने मांडीत की ‘हिंदुस्थानचे सभासद’ असेच त्यांना म्हणत. त्यांच्या दफनविधीला लंडनमध्ये शिकणारे जे हिंदी तरुण गेले त्यांत मोहनदास गांधी होते. लाहोरला त्यांच्या नावाचे सभागृह उभे राहिले, तेथे पुढे राष्ट्रीय महाविद्यालय भरले, त्या महाविद्यालयात भगतसिंग शिकले, आणि त्याच लाहोरच्या तुरुंगात १९३० मध्ये त्यांनी आपण नास्तिक का आहोत याची मीमांसा लिहिली. फाशी समोर दिसत असता ज्याने आपल्या बुद्धीला पटलेले सोडले नाही, त्याच्या शब्दाला बंधन नसते असे म्हणण्याचे धैर्य लॉक यांनाही झाले नसते.

परंतु हिंदुस्थानातील इंग्रजी अमदानीने या प्रश्नाला एक वेगळेच वळण दिले, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. येथील न्यायालयांतील गंगाजलाच्या आणि कुराणाच्या शपथा १८४० च्या कायद्याने बंद होऊन त्यांच्या जागी प्रतिज्ञा आली, त्यामुळे साक्षीच्या बाबतीत येथील माणूस काही अंशी इंग्रजापेक्षा मोकळा झाला. पण विवाहाच्या बाबतीत १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा आला तो पाहा. ब्राह्मसमाजी लोकांना मूर्तिपूजेवाचून आणि जातीची अट न मानता विवाह करता यावा म्हणून केशवचंद्र सेन यांनी चळवळ केली. सनातन्यांची आणि खुद्द आदि ब्राह्मसमाजाची हरकत आली. आणि तडजोड म्हणून सरकारने असा कायदा केला की, ज्यांना नोंदणी पद्धतीने लग्न करावयाचे आहे त्यांनी, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे लेखी जाहीर करावे. म्हणजे इंग्लंडात ज्याला श्रद्धा नाही त्याने श्रद्धा असल्याचे सांगितल्यावाचून त्याला प्रतिनिधी होता येत नव्हते, आणि हिंदुस्थानात ज्याला श्रद्धा आहे त्याने ती नसल्याचे सांगितल्यावाचून त्याला परजातीतील वधूशी कायदेशीर लग्न करता येत नव्हते. उपनिषदांवर जीव टाकणारी, रोज उपासना करणारी कितीतरी सुविद्य जोडपी निबंधकापुढे उभी राहून आपण हिंदू नाही असे लिहून देत. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती ही अट उठली, आणि १९५४ च्या कायद्याने ती सर्वांसाठी नाहीशी झाली. तथापि त्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने अविभक्त कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख वा जैन माणूस या चार धर्मांबाहेरील व्यक्तीशी असे लग्न करताच कुटुंबापासून विभक्त झाला असे मानण्याची तरतूद अजून ठेवलेली आहे.

या दोन उदाहरणांतून मला जे दिसते ते स्पष्ट सांगतो. मी स्वतः ईश्वर मानीत नाही. जगाची व्यवस्था समजावून घेण्यास आणि माणसाशी माणुसकीने वागण्यास मला त्या कल्पनेची गरज वाटत नाही, आणि माझ्या आस्तिक स्नेह्यांना ती वाटते याबद्दल माझ्या मनात अनादर नाही. पण नास्तिकाचा नागरी हक्क ही नास्तिक मताला मिळालेली सवलत आहे असे जे समजले जाते, ते मला साफ अमान्य आहे. माणसाच्या अंतःकरणात काय आहे हे विचारण्याचा अधिकार सरकारी कचेरीला आहे काय, हा खरा वाद आहे. आणि तो अधिकार एकदा मान्य केला की त्याचा फटका आज नास्तिकाला बसतो, उद्या ब्राह्मसमाजी भक्ताला, परवा ज्यूला. लिओनेल रॉथ्सचाइल्ड हे लंडन शहरातून १८४७ मध्ये निवडून आले आणि शपथेतील ख्रिस्ती शब्दांमुळे १८५८ पर्यंत बाहेर राहिले. ते काही नास्तिक नव्हते.

याच कारणाने, ज्या राज्यांनी नास्तिकता हाच आपला राजधर्म केला त्यांच्याविषयी नास्तिकांनी गप्प बसता कामा नये. सोव्हिएत राजवटीत प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मगुरूंना छावण्यांत धाडले गेले. अल्बेनियाने १९६७ पासून सर्व धर्माचरणावर बंदी घातली आणि पुढे आपल्या घटनेतच नास्तिकतेचा पुरस्कार नोंदविला. तेथील एखाद्या म्हातारीने घरात लपून केलेली प्रार्थना आणि ब्रॅडलॉ यांची प्रतिज्ञा या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत; आणि त्या म्हातारीची बाजू घेता येत नसेल तर ब्रॅडलॉ यांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार पोहोचत नाही.

आपल्या घटनाकारांना ही गोष्ट उमजली होती. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना परिषदेत सरनाम्याचा विचार चालू असता ह. वि. कामत यांनी, सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती सुचविली. ईश्वराचा प्रश्न मताला टाकू नये, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. पट्टम थाणू पिळ्ळे यांनी, आपण स्वतः श्रद्धाळू असूनही, ही दुरुस्ती म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल असे सांगितले. हृदयनाथ कुंझरू यांनीही ती नागरिकांच्या स्वातंत्र्याशी विसंगत ठरविली. कामतांनी माघार घेतली नाही, मतदान झाले, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. विरुद्ध मत देणाऱ्यांत बहुतेक सारे आपापल्या घरी देवपूजा करणारे होते. त्यांनी ईश्वराला नाकारले असे कोणी म्हणेल तर तो त्या सभेचा अपमान होईल. ईश्वराच्या नावाने कोणाला बाहेर ठेवावयाचे नाही, एवढेच त्यांनी ठरविले. तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्यांसाठी, खासदारांसाठी, न्यायाधीशांसाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवले गेले. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचरणाच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य घातले गेले. १९६९ च्या शपथ-कायद्याने न्यायालयातही हीच व्यवस्था झाली. आणि ईश्वरसाक्ष बोलणारा असो की प्रतिज्ञेवर बोलणारा असो, खोट्या साक्षीची सात वर्षांपर्यंतची कैद दोघांना सारखीच आहे. ऐहिक व्यवहाराचे बंधन ऐहिकच असते, हे कायद्याने शांतपणे मान्य केले आहे.

गांधीजींच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे आठवतो. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, नास्तिक मतांमुळे नोकरीला मुकलेले, आणि १९४० मध्ये नास्तिक केंद्र काढून अस्पृश्यतानिवारणाचे काम करणारे गृहस्थ. त्यांनी आपल्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरविला, आणि तो सेवाग्रामला आपल्या हजेरीत व्हावा असे गांधीजींनी मान्य केले. विधीत ईश्वराचे नाव येते, त्याला गोरांची हरकत होती. तेव्हा त्या जागी ‘सत्य’ शब्द घालण्यास गांधीजी राजी झाले. ईश्वर सत्य आहे याऐवजी सत्य हाच ईश्वर आहे असे ते १९३१ पासून म्हणत आलेच होते, पण येथे एका नास्तिकाच्या विवेकासाठी त्यांनी आपली जन्माची भाषा बदलली. गांधीजींची हत्या झाली, आणि तो विवाह १९४८ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांच्यावाचून झाला. दोघांनी एकमेकांचे मत बदलले नाही, आणि बदलण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

मग आज काय उणे आहे? कायद्याची अक्षरे पुष्कळ अंशी न्याय्य आहेत. उणीव आहे ती कचेरीच्या सवयीत आणि लोकांच्या मनात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला की, कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याला नागरिकाकडून त्याचा धर्म वदवून घेता येणार नाही, आणि आपण कोणत्याही धर्माचे नाही असे म्हणण्याचा हक्क सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच समाविष्ट आहे. तरीही शाळेच्या दाखल्यापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत धर्माचा रकाना तसाच पुढे येतो, आणि तो कोरा ठेवणाऱ्याकडे कारकून संशयाने पाहतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची रचनाच अशी आहे की जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही त्याला प्रायः हिंदू मानले जाते. त्यामुळे सर्व धर्म सोडलेल्या माणसालाही जन्माचा धर्म कायद्याच्या दाराने परत चिकटतो. आणि मृत्यूनंतर तर त्याचे काहीच चालत नाही. पंडित नेहरूंनी १९५४ च्या आपल्या मृत्युपत्रात, आपल्यामागे कोणताही धार्मिक विधी होऊ नये, असे कळकळीने लिहून ठेवले होते. १९६४ मध्ये विधी झाले. देशाच्या पंतप्रधानाची ही इच्छा पाळली गेली नाही, तर खेड्यातील एखाद्या शिक्षकाची कोण पाळणार?

लोकांच्या मनातील उणिवेची किंमत याहून फार मोठी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जन्मभर सांगितले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाला वा धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. ज्या कायद्यासाठी त्यांनी अठरा वर्षांच्या आसपास झगडा केला त्यात ईश्वराविषयी एक शब्दही नाही, आहे ते नरबळी, अघोरी उपचार आणि फसवणूक यांबद्दल. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास निघालेल्या या माणसाला गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. कायदा व्हायला इतकी वर्षे लागली याचे एक कारण हे की, त्याला धर्मविरोधी ठरविणे सोपे होते. आणि ते सोपे होते, कारण धर्मविरोधी म्हटले की त्या माणसाचे पुढचे बोलणे ऐकण्याची आवश्यकता नाही, ही लॉक यांच्या अपवादाची आणि मनूच्या बहिष्काराची शिकवण अजून आपल्यात जिवंत आहे.

म्हणून माझी विनंती आहे ती श्रद्धावान वाचकांना. नास्तिकाने आपल्या हक्काची मागणी केली की ती त्याची स्वतःपुरती गरज वाटते. ग्लॅडस्टन यांनी ती केली तेव्हा तिला निराळे वजन आले, आणि थाणू पिळ्ळे यांनी ती केली तेव्हा घटनेचा सरनामा सर्वांचा राहिला. आपल्या मुलाच्या शाळेच्या प्रवेश-अर्जात, रुग्णालयाच्या नोंदवहीत, जनगणनेच्या तक्त्यात धर्माचा रकाना असेल तर ‘सांगावयाचे नाही’ आणि ‘कोणताही नाही’ असे दोन पर्याय तेथे छापलेले असावेत, विशेष विवाह कायद्यातील एकोणिसावे कलम रद्द व्हावे, आणि मृताने लेखी ठेवलेली अंत्यविधीची इच्छा नातलगांवर बंधनकारक व्हावी, या तीन मागण्या आपण, देवघरात रोज दिवा लावणाऱ्यांनी, आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी कराव्यात.